चार लाख टँकर गेले कुठे?

मुलांनो, तुमच्या शाळेत दर वर्षी वृक्षारोपण होतं ना? आमच्याही शाळेत होतं. जुलै उजाडला, चार सरी पडून गेल्या, की टेम्पोतून रोपं येतात. पाहुणे येतात, भाषण होतं, फोटो निघतो. रोपं बिचारी दिवाळीपर्यंत कशीबशी तग धरतात. मग पाणी आटतं आणि जी काही उरलेली असतात, ती शेळ्या फस्त करतात.

दोन वर्षांपूर्वी अशीच रोपं आली. मी सहावीच्या मुलांना म्हटलं, "चला, टिकाव-फावडी घ्या. खड्डे खणायला लागू या." तर मागच्या रांगेतला एक मुलगा अगदी शांतपणे म्हणाला, "बाई, खड्डे कशाला खणायचे? गेल्या वर्षीचे आहेतच की!"

सगळा वर्ग खो खो हसला. मलाही हसू आवरेना. पण त्याचं बोलणं संपलं नव्हतं. तो म्हणाला, "आणि बाई, झाडं लावून आपल्याला काय मिळतं?"

मी शिकवल्याप्रमाणे उत्तर दिलं. झाडं ऑक्सिजन देतात, सावली देतात, पर्यावरणाचा समतोल राखतात. तो म्हणाला, "ऑक्सिजन तर फुकटच मिळतो, बाई."

या मुलाच्या घरी अकरा शेळ्या आहेत. शेळी विकली की त्याच्या वह्या येतात, आईचं औषध येतं. त्याच्या दृष्टीनं झाड म्हणजे काय? शेळीचा पाला! तो उद्धटपणानं बोलत नव्हता. त्याला खरंच उत्तर हवं होतं आणि माझ्याकडे ते नव्हतं.

आमचं गाव दुष्काळी पट्ट्यातलं. दिवाळी झाली, की काही घरांना कुलपं लागतात. माणसं ऊसतोडीला जातात आणि त्यांच्याबरोबर माझ्या वर्गातली चार-पाच मुलंही जातात. मार्च लागला, की टँकर सुरू होतो. टँकरचा हॉर्न ऐकू आला, की वर्गातल्या मुली खिडकीकडे बघायला लागतात, कारण घरी हंडे त्यांनाच भरायचे असतात. तेव्हा "आपल्याला काय मिळतं?" हा प्रश्न चेष्टेवारी नेण्यासारखा नव्हताच.

म्हणून त्या वर्षीची सहल आम्ही किल्ल्यावर नेली नाही की बागेत नेली नाही. फेब्रुवारीत एक एस. टी. ठरवली आणि बेचाळीस मुलं घेऊन आम्ही निघालो हिवरे बाजारला. चला, तुम्हीही बसा आमच्याबरोबर. खिडकीची जागा मिळेल, पण हात बाहेर काढायचा नाही हं!

डोंगराच्या कुशीत

हिवरे बाजार हे गाव अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. पूर्वी या जिल्ह्याला अहमदनगर म्हणत. २०२४ साली नाव बदललं. शहरापासून गाव सोळा-सतरा किलोमीटरवर. तिन्ही बाजूंनी डोंगर आणि मध्ये गाव.

एस. टी. गावाजवळ आली तशी मुलं खिडक्यांना चिकटली. त्यांना वाटत होतं, आता घनदाट जंगल दिसणार, धबधबे दिसणार. तसं काही दिसलं नाही. फेब्रुवारी होता. डोंगरावर वाळलेलं, पिवळं गवत उभं होतं आणि त्यात झाडं. मुलं जरा हिरमुसली. तेवढ्यात आमचे तेच शेळ्यावाले महाशय ओरडले, "बाई, एवढं गवत! आणि कुणी खाल्लं कसं नाही?"

बघा, जंगल शोधणाऱ्या सगळ्यांना जे दिसलं नाही, ते त्याला दिसलं. फेब्रुवारीत डोंगरावर गवत उभं राहणं ही आमच्या भागात साधी गोष्ट नाही.

खाली शेतात कांदा होता, गहू होता. वाटेतल्या एका विहिरीत आम्ही पाळीपाळीनं डोकावलो. पाणी दिसत होतं! आमच्या गावच्या विहिरीत त्या दिवसांत फक्त तळाचे दगड दिसतात.

"इथं पाऊस जास्त पडत असेल," एक मुलगी म्हणाली. तुम्हालाही तसंच वाटलं ना? इथंच तर गंमत आहे.

पाऊस तोच, मग बदललं काय?

भूगोलात तुम्ही 'पर्जन्यछायेचा प्रदेश' वाचला असेल. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीला अडतात आणि तिथंच रिते होतात. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. सह्याद्री ओलांडून पूर्वेला आलं, की तो झपाट्यानं कमी होतो. हिवरे बाजारला सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपास पडतो. कधी त्याहूनही कमी. म्हणजे आमच्या गावाएवढाच!

हेच गाव ऐंशीच्या दशकात कसं होतं, ठाऊक आहे? डोंगर उघडे-बोडके. झाडं सरपणासाठी तुटलेली. पाऊस पडला, की पाणी माती घेऊन धो धो वाहून जायचं आणि थोड्याच दिवसांत विहिरी कोरड्या. १९७२ च्या मोठ्या दुष्काळानंतर गावाची घडी विसकटली ती विसकटलीच. हाताला काम नाही, म्हणून माणसं शहराकडे चालली. गावात दारूच्या भट्ट्या आल्या, भांडणं आली. एके काळी कुस्तीसाठी नावाजलेलं हे गाव. पण इथं बदली म्हणजे शिक्षा, असं सरकारी नोकरांना वाटू लागलं.

१९८९ साली गावानं पोपटराव पवार या तरुणाला बिनविरोध सरपंच केलं. गावात तेव्हा एम. कॉम.पर्यंत शिकलेला तो एकटाच. पुढं २०२० साली त्यांना 'पद्मश्री' जाहीर झाली. पण मुलांनो, एकटा सरपंच काय करणार? डोंगर काही एका माणसाला खणता येत नाही. गावाला कामाला लावणं आणि गावानं कामाला लागणं, दोन्ही जमलं म्हणून पुढचं घडलं.

चला, एक गणित सोडवू

गावात फिरून झाल्यावर आम्ही एका झाडाखाली डबे उघडले. जेवणं झाली आणि मी मुलांना एक गणित घातलं. तुम्हीही वही-पेन्सिल घ्या.

एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की १०,००० लिटर पाणी पडतं. हिवरे बाजारचं क्षेत्रफळ सुमारे ९७७ हेक्टर. पाऊस धरा ४०० मिलिमीटर. आता करा गुणाकार.

९७७ × ४०० × १०,०००. उत्तर येतं ३९० कोटी ८० लाख लिटर!

एका टँकरमध्ये १०,००० लिटर पाणी मावतं असं धरू. मग हे पाणी झालं ३ लाख ९० हजार ८०० टँकर. जवळजवळ चार लाख टँकर पाणी आकाशातून दर वर्षी गावाच्या हद्दीत पडतं. तेही फुकट!

मुलांचे डोळे विस्फारले. टँकरमागे धावणाऱ्या मुली तर एकमेकींकडे बघायला लागल्या. मग एकीनं विचारलंच, "बाई, मग आपल्या गावचे चार लाख टँकर जातात कुठे?"

शाबास! हा खरा प्रश्न. काही पाणी उन्हानं उडून जातं, काही पिकं आणि झाडं पितात. ते चालायचंच. पण डोंगर बोडका असला, की फार मोठा भाग ओढ्यानं, नदीनं निघून जातो आणि जाताना शेतातली चांगली मातीही घेऊन जातो. पाणी गावात येतं, पण मुक्काम करत नाही.

धावणाऱ्या पाण्याला चालायला लावलं

घरी एक प्रयोग करून बघा. एक पाट तिरका धरा आणि त्यावर तांब्याभर पाणी ओता. सगळं सर्रकन खाली. आता पाटावर जुनं गोणपाट अंथरा आणि पुन्हा ओता. पाणी हळूहळू झिरपत येतं आणि बरंचसं गोणपाटातच राहतं. गवत, झुडपं आणि झाडं म्हणजे डोंगरावरचं गोणपाट.

नव्वदच्या दशकात हिवरे बाजारनं हेच केलं. १९९४ साली राज्य सरकारच्या 'आदर्श गाव' योजनेत गावाची निवड झाली आणि कामाला जोर आला. गावकऱ्यांनी श्रमदान केलं. डोंगराच्या उतारावर समान उंचीच्या रेषेत आडवे चर खणले. त्यांना समतल चर म्हणतात. वरून धावत आलेलं पाणी एका चरात थांबतं, जिरतं. उरलेलं खालच्या चरात थांबतं. मग ओढ्यावर दगडांचे छोटे बांध, त्याखाली पाझर तलाव. पण सुरुवात वरून, माथ्यापासून. खाली तलाव बांधला आणि वरचा डोंगर तसाच बोडका ठेवला, तर तलाव पाण्याऐवजी गाळानंच भरायचा.

जिरलेलं पाणी जमिनीखालून सावकाश पुढं सरकतं आणि महिन्यांनंतर खालच्या विहिरीत उतरतं. आम्ही फेब्रुवारीत ज्या विहिरीत डोकावलो, त्यातलं पाणी बहुधा आदल्या पावसाळ्यात डोंगरानं धरून ठेवलेलं होतं. आहे की नाही गंमत?

"मग आमच्या शेळ्यांचं काय?"

पण चर खणले आणि झाडं लावली, एवढ्यानं भागलं नाही. गावानं स्वतःवर काही बंधनं घालून घेतली. कुऱ्हाडबंदी, म्हणजे झाड तोडायचं नाही. नशाबंदी, म्हणजे दारू नाही. आणि चराईबंदी, म्हणजे गुरं-शेळ्या डोंगरावर मोकळ्या सोडायच्या नाहीत.

हे ऐकलं मात्र, आमच्या शेळ्यावाल्याचा चेहरा उतरला. "मग शेळ्यावाल्यांनी खायचं काय?" तो म्हणाला.

पाराजवळ एक आजोबा बसले होते. मी त्यांनाच विचारलं. त्यांनी लपवाछपवी केली नाही. म्हणाले, "सोपं नव्हतं, पोरा. ज्याच्या शेळ्या, त्याच्या जिवावर आलं व्हतं. भांडणं बी झाली. पण ग्रामसभेत ठरलं ते सगळ्यांनी पाळलं. गरिबानं पाळायचं आन् पुढाऱ्यानं मोडायचं, असं केलं असतं तर दोन दिसांत सगळं बसलं असतं."

मग त्यांनी गवताचं सांगितलं. डोंगर मोकळा सोडला, तर शेळ्या गवत मुळासकट कुरतडतात, रोपांचे शेंडे खातात. पण तेच गवत वाढू दिलं आणि विळ्यानं कापून घरी आणलं, तर ते पुन्हा फुटतं. इथं ठरलेली थोडीशी रक्कम भरून माणसानं जायचं आणि गवत कापून आणायचं. २००० साली गावाला सुमारे १०० टन गवत मिळालं होतं. २००४ साली ते ६,००० टनांवर गेलं! चारा वाढला तशी दुभती जनावरं वाढली. नव्वदच्या दशकात गावात दिवसाला सुमारे १५० लिटर दूध निघायचं. पुढं ते काही हजार लिटरवर गेलं.

आमचा मुलगा बोटं मोडत हिशेब करत होता. मी विचारलं, "काय रे?" तो म्हणाला, "बाई, म्हणजे डोंगर वाचवला तो डोंगरासाठी नाही. दुधासाठी!"

मुलांनो, मी बारा वर्षं परिसर अभ्यास शिकवते आहे. हे वाक्य मला त्या दिवशी माझ्या विद्यार्थ्यानं शिकवलं.

पाण्याचीही जमाखर्चाची वही

पाणी आलं, की माणूस उधळा होतो. विहीर भरली, की ऊस लावावासा वाटतो. ऊस खूप पाणी पितो, हे तुम्हाला माहीत आहेच. खोल बोअर मारला, तर जास्त पाणी मिळेल, असंही वाटतं. पण खोलवरचं पाणी वर्षानुवर्षं मुरून साठलेलं असतं. ते म्हणजे आजोबांनी बँकेत ठेवलेली ठेव. दर महिन्याला तीच मोडून खाल्ली, तर नातवंडांना काय उरणार? शिवाय माझ्या खोल बोअरमुळे शेजाऱ्याची विहीर आटली, तर?

म्हणून हिवरे बाजारनं शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही आणि ऊस-केळीसारखी फार पाणी पिणारी पिकं घ्यायची नाहीत, असं ठरवलं. गावात पर्जन्यमापक बसवले. पाऊस किती पडला, विहिरींची पातळी किती आहे, याची नोंद होते आणि दर वर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. आधी माणसांच्या आणि जनावरांच्या पिण्याचं पाणी बाजूला काढायचं. मग शेतीला किती उरतं ते बघून पिकं ठरवायची. पाऊस कमी, तर कमी पाण्याची पिकं. या मोजमापात शाळेतली मुलंही असतात. तुमच्यासारखीच मुलं, पण त्यांच्या गणिताच्या वहीत गावाचं खरंखुरं पाणी असतं!

या वहीची परीक्षा २०१२ साली झाली. त्या वर्षी राज्यात मोठा दुष्काळ पडला. गावोगावी टँकर धावत होते. हिवरे बाजारलाही पाऊस फारच कमी झाला होता. पण टँकर मागवावा लागला नाही. पाऊस तर साऱ्यांनाच कमी होता. यांची शिल्लक मात्र जागेवर होती.

आता सांगा, या सगळ्यात कुणाचा फायदा झाला? १९९५ साली या गावात दारिद्र्यरेषेखालची १६८ कुटुंबं होती. पंधराएक वर्षांत ती ३ वर आली. शहरात गेलेली अनेक कुटुंबं परत आली. परत आलेल्या घरांची कुलपं निघाली आणि त्या घरांतली मुलं गावच्या शाळेत बसली. मला विचाराल तर या सगळ्या आकड्यांमध्ये मला आवडलेली गोष्ट तीच.

आपण 'पर्यावरण वाचवा' म्हणतो ना, तेव्हा उगाच वाटतं, की आपण कुणावर तरी उपकार करतोय. अहो, डोंगर आपल्या आधी होता आणि आपल्यानंतरही राहील. बोडका डोंगर रडत नाही. रडते ती तीन किलोमीटरवरून हंडा आणणारी आई.

परत आल्यावर

सहलीहून आलो म्हणून आमचं गाव काही हिवरे बाजार झालं नाही. खोटं कशाला सांगू? आजही मार्चमध्ये टँकर येतो. आजही काही घरांना कुलपं लागतात. सगळ्या गावानं मिळून करायचं काम एका शाळेनं होत नाही. पण मुलांनी घरी जाऊन चार लाख टँकरचं गणित सांगितलं. दोघा-तिघांच्या वडिलांनी शाळेत येऊन विचारलं, "बाई, हे खरं आहे का?" मी फळ्यावर गुणाकार करून दाखवला. यंदा ग्रामसभेत चराईबंदीचा विषय निघाला. बरीच वादावादी झाली. निर्णय झाला नाही. पण विषय निघाला, हे काय थोडं झालं?

आणि आमची झाडं? त्या जुलैत मुलांनी पन्नास रोपं घेतलीच नाहीत. म्हणाली, "बाई, बाराच द्या. जेवढी सांभाळता येतील, तेवढीच लावू." प्रत्येक रोपाला तिघा-तिघांचा गट. हात धुतलेलं पाणी रोपाला. बाभळीच्या काट्यांचं कुंपण सगळ्यात पक्कं कुणाचं? आमच्या शेळ्यावाल्याचं! "शेळी कुठून तोंड घालते, ते मला ठाऊक आहे," तो म्हणाला. त्याच्या घरच्या शेळ्या अजून माळावर जातात, पण संध्याकाळी बांधावरचं गवत कापून तो त्यांना घरीच घालतो.

आता तुमच्यासाठी गृहपाठ. भिऊ नका, सोपा आहे. तुमच्या घराच्या किंवा शाळेच्या छपराची लांबी-रुंदी मीटरमध्ये मोजा आणि गुणाकार करा. जितके चौरस मीटर, तितके लिटर पाणी एक मिलिमीटर पावसात छपरावर पडतं. छप्पर १० मीटर लांब आणि ६ मीटर रुंद असेल, तर एका मिलिमीटरला ६० लिटर. ४०० मिलिमीटर पावसाला २४,००० लिटर. दोन टँकरहून जास्त! सरळ उभ्या बाजूंचा एक डबा उघड्यावर ठेवा, पाऊस थांबला की पट्टीनं पाणी मोजा आणि रोजची नोंद वहीत करा. पावसाळा संपला, की ती वही आई-बाबांना दाखवा आणि विचारा, "आपले एवढे टँकर गेले कुठे?"

बाकी, गेल्या जुलैत आमच्या शाळेत पुन्हा रोपं आली. मी सवयीनं म्हटलं, "जुने खड्डे आहेत ना रे?" तर तोच मुलगा, आता सातवीत गेलेला, टिकाव खांद्यावर टाकून म्हणाला, "कुठले बाई? बारापैकी नऊ खड्ड्यांत झाडं उभी आहेत. नवे खणावे लागतील!"